चिंतामणरावांच्या कळीचा रंग

माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील सन्मान्य पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती पोस्टमास्तर चिंतामणराव, सौभाग्यवती प्रेमलाबाई आणि मलकापूर पंचक्रोशीतून अगत्यानं आलेल्या बंधुभगिनींनो,

साहेबांची बदली नर्मदेकडे झाली. सरकारी हुकुमापुढे आपलं काय चालणार? मी शाळामास्तर, त्यांचा शेजारी, म्हणून चार शब्द बोलायचा मान मला मिळाला.

साहेबांना वेड झाडांवर वाढणाऱ्या बांद्याच्या फुलांचं. इंग्रज त्यांना ऑर्किड म्हणतात. आपल्या आंब्यावरचा तपकिरी बांदा आणि सातपुड्यातला गुलाबी, यांचं लग्न साहेबांनी ओसरीवर लावलं. काडीनं एकाचा पराग उचलून दुसऱ्याच्या फुलात ठेवला. शेंग धरली, धुळीसारखं बी आईच्याच मुळांशी पेरलं आणि जगलं एकच रोप. ते त्यांनी आठ वर्षं जपलं. चाकू दिव्यावर तापवल्याशिवाय पानाला लावायचा नाही. बाहेरचं झाड महिनाभर परसात वेगळं ठेवल्याशिवाय ओसरीवर घ्यायचं नाही. हसू नका मंडळी, रोपाला रोग लागू नये म्हणून माझेही हात ते राखेनं धुवायला लावत! यंदा पहिल्यांदा फुलांचा दांडा आला, कळ्या धरल्या. रंग कोणता येणार, याचीच आम्हां तिघांत रोज चर्चा.

तेवढ्यात बदलीची बातमी फुटली. मग काय विचारता? धामणगाव बढ्याचे पंजाबराव गाडीतून उतरले ते खांद्यावर बांदा घेऊनच. "साहेब, तुमाले आवडते म्हून अख्खी फांदीच तोडून आनली. कुठी टांगू?" आपल्या गावच्या वच्छलाबाईंनी टोपलीभर आणले. आणि जो तो आपली भेट मानाच्या जागी, त्या रोपाच्या शेजारीच टांगे! मी डोळ्यांनी खुणावत होतो. साहेब हळूच म्हणाले, "मास्तर, प्रेमानं आणलेलं परसात कसं हो ठेवू?"

आठवडा गेला नाही तोच दांड्याच्या बुडाशी काळा डाग दिसला. कोणाच्या झाडावरून आला, ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. परवा साहेबांनी चाकू तापवला आणि रोप तरी वाचावं म्हणून दांडा कापून टाकला. प्रेमलाबाईंनी एक कळी नखानं उकलून पाहिली. आत अजून नुसती हिरवी होती.

रागवायचं तरी कोणावर? माझा जीव तुटतो, एवढंच सांगतो.

रोप अजून जिवंत आहे. उद्या ते प्रेमलाबाईंच्या मांडीवर बसून रेल्वेनं जाईल. अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलताना कमीजास्त झालं असेल, तर घरचाच माणूस समजून सोडून द्या. मंडळी, दाराशी मला बांद्याच्या आणखी तीन टोपल्या दिसताहेत. साहेब नको म्हणणार नाहीत, आणि माझ्यानं तुम्हांला अडववत नाही. पाया पडतो, उद्या स्टेशनवर रिकाम्या हातानं या.