पत्रिकेतून गेलेलं नाव

डोळ्यांनी पाहिलेलं खरं असतं का?

मंडळी, हात वर करा. असतं म्हणणारे? — बरेच आहेत! खांबापाशी बसलेल्या काकांनी तर दोन्ही हात वर केलेत. काका, एक पुरे. नसतं म्हणणारे? एकही नाही. छान! म्हणजे आजच्या कीर्तनात मला काम आहे.

ऐका तर.

मंगळवेढ्यात एक छपाईचं दुकान. तिथं शबाना मुलाणी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवते. वीस वर्षं झाली. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? अहो! नवरानवरीची नावं सोपी. अवघड असतं ते खालचं! चुलते कुठं, मोठ्या आत्याचे यजमान धाकट्या आत्याच्या यजमानांच्या वर की शेजारी! चव्वेचाळीस नावं. आणि पत्रिका हातात आली की चव्वेचाळीसही जण आधी काय वाचतात? मुहूर्त? छे! स्वतःचं नाव! — हसताय काय, तुम्हीही तेच करता.

पूर्वी शबानाताई कच्ची पत्रिका मोबाइलवर पाठवायची. चौदा जणांकडून चौदा दुरुस्त्या यायच्या. एक म्हणतो वर, दुसरा म्हणतो खाली. मग तिनं युक्ती काढली. सगळ्या घराला एका लिंकवर बोलवायचं आणि आपल्या कॉम्प्युटरचा पडदा सगळ्यांना दाखवायचा. स्क्रीन शेअर! "बघा, ही पत्रिका. काय हलवायचं ते समोर सांगा. भांडायचं तर इथंच भांडा, छापल्यावर नाही."

शहाणी बाई!

तर लग्न घोलपांचं. नवरी स्वरांजली. वडील विश्वंभर, आई कालिंदा. आणि मामा — हणमंत खरसडे, कालिंदाचा एकुलता भाऊ. इचलकरंजीत जॉबर. म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारा. स्वरांजली अकरावी-बारावीला मामांकडं होती. क्लासला सोडायला मामा, आणायला मामा. पोरीला ताप आला तर कामाची पाळी सोडून घरी मामा! तिचा एकच हट्ट होता. मंगलाष्टकं चालू असताना पाठीमागं मामाच हवा.

आता एक जुनी गोष्ट. नऊ वर्षांपूर्वी घोलपांच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत मामांचं नाव राहून गेलं. चुकून. मामा आले, जेवले, हसले, आहेर देऊन गेले. एक शब्द बोलले नाहीत. — जे बोलत नाहीत ना मंडळी, त्यांना जरा जपा!

दुपारचे चार. सगळे लिंकवर. मामा मागाच्या शेडमध्ये, हातात मोबाइल, भोवती चोवीस माग. खडाखड! खडाखड! खडाखड! ऐकू काही येत नाही. दिसतंय मात्र सगळं.

पडद्यावर पत्रिका. मामांचं नाव अकराव्या ओळीत. विश्वंभर काहीतरी बोलले. बाण सरकला... मामांच्या नावावर आला... नाव निळं झालं... आणि —

गेलं!

जिथं "श्री. हणमंत खरसडे" होतं, तिथं पांढरी जागा.

मामांनी पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी.

झालं मंडळी. आख्यान संपलं. आरतीचं ताट आणा.

.

.

काय झालं? उठा ना!

"महाराज, पुढं?" — कोण म्हणालं? तुम्ही, माउली? पुढं कशाला हवं? नाव होतं, काढलं, दिसलं. घोलप वाईट, मामा बिचारे. चला घरी.

नाही पटत? मग मामांपेक्षा तुम्ही बरे! कारण मामा उठले. आधी दोन बटणं दाबून स्क्रीनशॉट घेतला. पुरावा! मग कॉल तोडला. तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली दोन शब्द —

आभारी आहे.

आणि ग्रुप सोडला!

इकडं काय चाललं होतं? विश्वंभर म्हणाले होते, "ताई, मेव्हण्यांचं नाव तिथनं काढा आणि वर घ्या. माझ्या नावाखाली. एकटं, ठळक. आमच्या पोरीला त्यांनी सांभाळलंय." ताईनं खालून उचललं, वर ठेवलं. मध्ये किती वेळ गेला? एक श्वास! तेवढ्या श्वासात मामांचा फोटो निघाला.

घरात कुणाला पत्ताच नाही. मामांची रेंज गेली असेल, असं समजून अजून अर्धा तास दुरुस्त्या चालल्या. मीटिंग संपली, कालिंदानं ग्रुप उघडला — आणि लगेच भावाला फोन लावला.

मामांचा फोन बंद. विश्वंभरांनी नव्या पत्रिकेचा स्क्रीनशॉट इंदूमामीच्या मोबाइलवर पाठवला. बघा, नाव वर आहे! उत्तर आलं ते घरी पोचलेल्या मामांचंच. "दाजी, हे आत्ता घातलंत. मी बोंबललो म्हणून."

घ्या! फोटोला फोटो! आता कुठला खरा? मंडळी, दोन्ही खरे. आणि उपयोग? शून्य! त्यात एका चुलत्यानं वास्तुशांतीची जुनी पत्रिका शोधून ग्रुपवर टाकली. का? म्हणे, विषय मिटावा म्हणून! — असे चुलते प्रत्येक घरात एक तरी असतात. इथं आलेत का? मागं बघू नका, आलेत.

स्वरांजली म्हणाली, "आई, मामा नसेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

कालिंदा म्हणाली, "अगं, मुलाकडच्यांना काय सांगू मी?"

"सांग, मामाची वाट बघतीये."

आणि पोरीनं फोन लावला. भावकीला नाही, शबानाताईला. "ताई, आमची फाइल बंद केलीत का?"

"नाही गं. लग्नाची पत्रिका मी त्या दिवशी बंदच करत नाही. आत्तापर्यंत एवढं शिकलेय."

"मग मामाला सगळं पहिल्यापासून दाखवता येईल?"

शबानाताई म्हणाली, "त्यांना मागापासून लांब बसवा. बाकी मी बघते."

सहा वाजता इंदूमामीनं मामांना घरात खुर्चीवर बसवलं, मोबाइल समोर उभा केला. मामा तोंड फिरवून. "मला काही बोलायचं नाही."

"बोलू नका मामा," ताई म्हणाली, "फक्त बघा."

कॉम्प्युटरला एक सोय असते मंडळी. केलेलं एकेक पाऊल मागं घेता येतं. ताई मागं निघाली. जेवणाची वेळ बदलली होती, ती जुनी झाली. आत्याचे यजमान शेजारी आले होते, ते परत खाली गेले. असं करत करत... मामांचं वरचं नाव गेलं. पांढरी जागा आली. आणखी एक पाऊल, आणि नाव परत अकराव्या ओळीत!

"आता पुढं येते. हळू."

एक बटण. नाव गेलं.

"हे पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं ना! फोटो आहे माझ्याकडं!"

"तुमचा फोटो खरा आहे मामा. एकदम खरा. आता फोटोच्या पुढचं बघा."

दुसरं बटण. नाव वर. विश्वंभर घोलपांच्या खाली. एकटं, ठळक.

"बाकी सगळ्या दुरुस्त्या ह्याच्या नंतरच्या. तुमचं नाव मागाहून घातलं असतं, तर शेवटी आलं असतं की नाही? तुम्हीच सांगा, मागाचे कारागीर आहात. आधीचा धागा कुठला, नंतरचा कुठला?"

मामा पडद्याच्या जवळ आले. बराच वेळ बघत राहिले.

"एकच बटण थांबायला हवं होतं?"

"एकच."

"दाजी आहेत का तिथं?"

विश्वंभर होतेच, आवाज बंद करून. म्हणाले, "आहे."

"नाव वर नको. होतं तिथंच ठेवा. लोक म्हणतील, मामानं भांडून घेतलं."

"म्हणू द्या. वरच राहणार."

"खाली घ्या म्हणतो ना!"

"नाही घेत!"

आणि मागून इंदूमामी ओरडल्या, "अहो, हलवू नका ते! परत हलवलंत तर हे परत फोटो काढतील!"

मृदंगबुवा, एक ठेका द्या ह्यावर! — वा!

लग्न झालं. मामा पाठीमागं उभे होते. निम्म्या अक्षता त्यांच्याच टोपीवर पडल्या म्हणे. काढल्या नाहीत त्यांनी.

आता तुमच्याकडं येतो. चपला शोधू नका, अजून वेळ आहे.

तुमच्या मनात किती फोटो आहेत? जाऊबाई हसल्या, तो. भावानं दारातून तोंड फिरवलं, तो. बारशाला बोलावलं नाही, तो तर फ्रेम करून लावलाय! खोटे आहेत का? मी कुठं म्हणतो? असतील खरे. पण फोटो काढून तुम्ही उठून गेलात ना? मग पुढचं कोणी पाहिलं?

देव आपल्याकडं बघतो ना मंडळी, तो एक क्षण धरून बसत नाही. सगळी फाइल बघतो, पहिल्या पावलापासून. नाहीतर इथं बसलेल्यांपैकी कोण टिकलं असतं? मी तर नाही!

घरी जा. एका माणसाला फोन लावा. कोण, ते तुम्हाला आत्ताच आठवलंय. माफी मागू नका, मागायलाही लावू नका. एवढंच विचारा, "मी निघून गेल्यावर पुढं काय झालं होतं?"

आणि त्याचं सांगून होईपर्यंत फोन ठेवू नका.