खाली सोडलेल्या ओळी

होटगी स्टेशनात यज्ञेश्वरपंत सोलापूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. पोस्टातल्या इंग्रजीत त्यांची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे शेजारच्या मायलेकींचं इंग्रजी शब्दांच्या वहीवरचं बोलणं कानावर आलं आणि हातातलं वर्तमानपत्र उघडायचं राहूनच गेलं.

"शेवंते, एक शब्द लिहून खाली चार ओळी कोऱ्या कशापायी? वही वाया चाललीय की."

"वाया न्हाय, आये. ह्यो बघ, स्प्रिंग. पयल्यांदा बाईंनी सांगितलं, झरा. मग कळलं, वसंत ऋतू बी. परवा तर उडी मारणं बी निघालं."

"आन् घड्याळात असती ती?"

"ती बी हीच."

"एवढ्याशा शब्दात? पाणी बी आन् घड्याळ बी?"

"म्हणून तर जागा सोडायची. अजून काय निघंल, कुणाला ठावं."

आई बराच वेळ त्या कोऱ्या ओळींवरून बोट फिरवत राहिली.

"आये, भ्या वाटतंय व्हय?"

"वाटतंय की. ह्या वयात दवाखान्यात सुईणीचं काम शिकायला निघालेय. तुझा बा जाऊन वरीस झालं, भावकी म्हणती, आता कोपऱ्यात बसावं."

गाडीची घंटा झाली. यज्ञेश्वरपंत जागचे हलले नाहीत.

"शेवंते, वहीत माझं नाव लिही."

"गोजरबाई. लिहिलं. म्होरं अर्थ काय लिहू?"

"शेवंताची आई."

"लिहिलं."

"आता खाली चार ओळी सोड."