सोळाशेच्या आतला कप

(बुद्धिबळ क्लबची खोली. बक्षीस समारंभ आटोपून लोक गेले आहेत. टेबलावर एकच कप उरला आहे.)

सेक्रेटरी : कपावरचा हात काढ.

कंडक्टर : आधी तुम्ही काढा, काका. सातपैकी साडेसहा गुण माझे आहेत.

सेक्रेटरी : गुण तुझेच. पण ही स्पर्धा सोळाशेच्या आतल्या रेटिंगवाल्यांची. कालच्या नव्या यादीत तू सोळाशे चार.

कंडक्टर : नाव दिलं तेव्हा पंधराशे ऐंशी होते. तुम्ही सात रविवार खेळवलंत, तेवढ्यात यादी बदलली. मधे दुसरीकडे चार डाव जिंकले हा माझा गुन्हा का?

सेक्रेटरी : शेवटच्या दिवशीचं रेटिंग धरायचं, असा आपला नियम आहे.

कंडक्टर : दाखवा. दाराजवळचा नियमांचा फळा मी तीनदा वाचला. चपला कुठे काढायच्या तेसुद्धा लिहिलंय. हे नाही.

सेक्रेटरी : सगळं लिहायचं नसतं. सगळ्यांना माहीत असतं.

कंडक्टर : माझ्या बसमध्ये बिनतिकीट बसणाराही हेच सांगतो. 'नेहमीचंच आहे बाई, सगळ्यांना माहीत आहे.' मी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवते.

सेक्रेटरी : जीभ आवर जरा.

कंडक्टर : आवरते. एक नाव सांगा. हा नियम आजवर कुणाला लावलात?

सेक्रेटरी : नाव घ्यायला लावू नकोस.

कंडक्टर : म्हणजे कुणालाच नाही.

सेक्रेटरी : आहे. बारा वर्षांपूर्वी. तुझे वडील.

कंडक्टर : बाबा? ते त्या वर्षी शेवटच्या डावात हरले होते.

सेक्रेटरी : घरी तसं सांगितलं असेल. जिंकला तो. कप घेऊन जिना उतरला, खाली नवी यादी लावली होती ती वाचली. रेटिंग सोळाशेच्या तीन गुण वर गेलं होतं. तसाच माघारी आला आणि कप ह्याच टेबलावर ठेवला.

कंडक्टर : तुम्ही मागितला होता?

सेक्रेटरी : नाही.

कंडक्टर : कुणी हरकत घेतली होती?

सेक्रेटरी : कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

कंडक्टर : मग हा नियम कसला, काका? तो त्यांचा भलेपणा. त्याचा तुम्ही दंडुका केलात आणि आज त्यांच्याच मुलीच्या पाठीत घालताय. चीड येते मला. मग तो कप दिलात कुणाला?

सेक्रेटरी : दुसऱ्या नंबरला.

कंडक्टर : कोण होता दुसरा?

सेक्रेटरी : …मी.

कंडक्टर : तुम्ही.

सेक्रेटरी : बारा वर्षं काचेच्या कपाटात आहे. आल्यागेल्याला दाखवतो. नियमच नव्हता म्हटलं, तर तो माझ्या घरी का, हे लोकांना काय सांगू?

कंडक्टर : ते मला नका विचारू.

सेक्रेटरी : …घे. हा तुझा. वहीत इथे सही कर. आणि तो दुसरा… तो उद्या घरी आणून देतो.

कंडक्टर : आणा. फक्त आईसमोर देऊ नका. शेवटच्या डावात बाबांनी कच खाल्ली म्हणून बारा वर्षं चिडवतेय ती त्यांना, आणि ते नुसते हसतात.