अनुमोदन तेवढं द्या

अध्यक्षबाई? येतील हो, बसा ना — तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलात ते तुम्हीच ना? नळ गळतोय? गळू द्या! नळाचं काय घेऊन बसलात, इथं लोकशाहीचा गळा दाबला जातोय — चेष्टा नाही, तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलंय मी. रविवारी बिल्डिंगची सभा आहे. बाईंवर अविश्वासाचा ठराव मी मांडतो, तुम्ही फक्त अनुमोदन द्यायचं. हात वर केला की झालं. कारण? अहो, त्यांनी घंटा आणलीय! सभेत कुणी दोन मिनिटांच्या वर बोललं की टिंग! आता कुणी म्हणजे कोण — बाकीचे 'हो' म्हणतात नाहीतर 'नाही' म्हणतात आणि घरी जातात. दोन मिनिटांत माझा घसासुद्धा खाकरून होत नाही हो. कॉलेजात 'राज्य म्हणजे काय' इथवर यायलाच मला पहिली चाचणी उजाडायची. पोरं झोपायची, नाही असं नाही — पण तास संपेपर्यंत एकजण उठायचा नाही!

निवडणूक? झाली ना, रीतसर. मीच घ्यायला लावली, नाहीतर गच्चीची किल्ली ज्याच्याकडे तो अध्यक्ष, असा कारभार होता. मी उभा, समोर त्या. एका मतानं पडलो. एका! आता उमेदवारानं स्वतःला मत द्यायचं नाही, हे माझं तत्त्व — जन्मभर वर्गात सांगितलं, ते मोडू कसं? दिलं त्यांना. हसू नका. त्यांनी कुणाला दिलं? स्वतःलाच! जेवताना मला वाढता वाढता सरळ सांगितलं —

म्हणजे... हो. बायको आहे माझी. त्यात लपवायचं काय? शेजारच्या वर्गात गणित शिकवायची. माझा आवाज भिंतीपलीकडे जातो म्हणून तिनं प्राचार्यांकडे तक्रार केली, तिथनं आमची ओळख. परवा म्हणते कशी, "तुमचं मत मी आधीच माझ्यात धरलं होतं. तुम्ही तत्त्व मोडणार नाही, माहीत होतं मला." तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं माझं शिकवणं इतकं मनावर घेतलं नव्हतं हो. खरं सांगतो, बरं वाटलं. पडलो, पण बरं वाटलं —

ऐकलीत? घंटा. घरातसुद्धा तीच. — काही नाही गं, यांचा नळ गळतोय! — जा, आत जा तुम्ही. आणि हे बघा, रविवारी हात खालीच ठेवा.