शिंगाला कुठं प्रायमर लावतात?

...आणि वरून बाबा मलाच म्हणतात, "खुशे, भिताडाच्या रंगापायी एवढं डोकं गरम कायले करतं?" अहो, गरम नाही होणार तर काय! तुम्हाला सांगते, बाथरूम ते केवढं? आत गेल्यावर वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं. आणि एवढ्याशा खोलीचा रंग ठरवता ठरवता आमच्या घराला घाम फुटला!

घाई कशाची, तर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती यवतमाळला दवाखान्यात, सोमवारी घरी येणार. आमची जुनी नहाणी म्हणजे अंगणाच्या पार त्या टोकाला, गोठा ओलांडून, वर शेवाळलेल्या पायऱ्या! नवीन गुडघा घेऊन तिथं जायचं कसं? म्हणून तिच्या खोलीला लागूनच हे बाथरूम बांधलं. आणि बाबांनी जाहीर करून टाकलं, "रंग तिच्याच पसंतीचा! जलमात पह्यल्यांदा तिच्यासाठी काही बांधून राह्यलो." मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, चला, आमचे घनश्यामराव सुधारले. तेवढ्यात त्यांनीच हळूच विचारलं, "खुशे... तुह्या मायले रंग कोनता आवडते?"

झालं! मी बीएस्सी केमिस्ट्री, अमरावतीला होस्टेलवर राहून आलेली, जगाला अक्कल शिकवणारी... आणि मला माहीत नाही! बरं, फोन लावला तर ती काय म्हणते?

"मले काहीही चालते व. म्हशीले पानी पाजलं काय?"

"आई, रंग सांग!"

"सांगतलं ना, काहीही चालते. तुह्ये बाबा जेवले काय?"

काहीही चालते! अहो, या बाईला आयुष्यभर काहीही चाललंय! मी तिचं कपाट उघडलं, म्हटलं साड्यांवरून कळेल. कसलं काय! ही मामाच्या पोराच्या लग्नातली, ती कुणाच्या वास्तूची, ही राखीची... सगळ्या आहेराच्या. स्वतः दुकानात बसून, "हा नको, तो दाखवा" असं म्हणून घेतलेली एक साडी नाही! मी कपाट धाडकन लावलं. रागच आला होता, फक्त कुणावर ते कळेना.

मग गेलो आर्णीला, बापलेक एका गाडीवर. रंगाच्या दुकानदाराने शेड कार्ड पुढ्यात टाकलं. नुसते पांढरेच किती! मी म्हटलं, सगळे सारखेच तर आहेत. बाबांनी चष्मा वर केला आणि कार्डावर बोट फिरवायला लागले. "हा पह्यल्या वेचनीचा कापूस. हा फरदडीचा, शेवटच्या वेचनीचा. आन हा... हा त कवडी होय! डागी माल! भिंतीले कायले लावता?"

दुकानदार म्हणतो, "काका, तो आमचा सर्वात जास्त खपणारा रंग आहे."

"मंग लोकायले कापूस समजत नाई!"

मी मान खाली घालून उभी! तेवढ्यात दुकानदाराने विचारलं, "ताई, प्रायमर कोणता देऊ? नवीन प्लास्टर आहे ना?" मी म्हटलं, सिमेंटचा द्या, बाथरूमला ओल राहते. डबा घेतला. तर बाबांचा चेहरा असा, की जसं काही मी लग्नाआधी नवरदेवाला फवारणीचं औषध पाजून राह्यले! "रंगाच्या आंधी रंग कायले लागते?" म्हणे. रंग ठरलाच नाही, नुसता प्रायमर घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर घरभर थिनरचा वास. धावत जाऊन पाहते, तर बाबा बाथरूममध्ये उकिडवे बसलेले, हातात दोन बोटांएवढा ब्रश, बाजूला पोळ्याच्या रंगाचा उरलेला डबा, आणि अर्धी भिंत मोरपंखी! अहो, बैलाच्या शिंगाचा रंग! बाथरूमला!

"बाबा! प्रायमर?"

"शिंगाले कधी प्रायमर लावला काय आपन?"

"भिंत म्हणजे काय शिंग आहे?"

"बैल पावसात भिजते, चिखलात बसते, झाडाले शिंग घासते, तरी रंग टिकते! भिंत त जागची हालत बी नाई!"

आता या युक्तिवादाला कोणत्या विद्यापीठात उत्तर आहे? मी ओरडले, "सिमेंटमध्ये अल्कली असते, ओल असते, तेलाचा रंग धरणार नाही! आणि हाच रंग काहून?"

बाबांचा ब्रश थांबला. "तुह्या मायनं या घरात येऊन एकच गोष्ट मांगतली," ते म्हणाले. "सारं गाव पोळ्याले शिंग लाल करते. तुही माय म्हने, आपल्या बादलचे मोरपंखी करा. एका साली मी इसरून लाल आनला, त दोन दिवस बोलली नाई माह्यासंगं. दरसाली थे उभी राहून पाह्यते, कुठं सुटलं त नाई... दुसरं काही तिनं मांगतलंच नाई. मंग मी कोनता रंग लावू, सांग?"

बादल म्हणजे आमचा म्हातारा पांढरा बैल. आता जुंपत नाही त्याला, गोठ्यात बसून रवंथ करतो, शिंगं मात्र अजून मोरपंखी. मी इतकी वर्षं ती शिंगं पाहतेय... आणि हे कधी विचारलंच नाही! ब्रश घेतला आणि वरचा कोपरा मी रंगवला.

हां, पण केमिस्ट्री काय प्रेम बघून चालते? दोनच दिवसांत भिंतीला हे एवढाले फोड! तळणातल्या पापडासारखी फुगली! शेजारची चंदाकाकू डोकावून म्हणते, "अवं माय, भिंतीले कांजन्या झाल्या काय?" बाबा त्या फोडांवरून नुसता हात फिरवत बसले. "आता व? सोमवारी येऊन राह्यली ना थे..." एवढा मोठा माणूस, पण आवाज असा, की माझं भांडणच विरघळलं. मग काय, मी खरवडलं, त्यांनी घासलं, प्रायमर लावला, नवीन मोरपंखी आणला, अन् दोन हात मारले. प्रायमर लावताना बाबा पुटपुटत होतेच, "शिंगाले नाई लागत पन..."

सोमवारी आई आली. वॉकर टेकत टेकत दारापर्यंत गेली. आत पाहिलं. आम्ही दोघं मागे उभे. तिनं पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, "हा... बादलचा रंग?" आणि बाबांकडे पाहून हसली. तीस वर्षांत हसली नसेल अशी!

आणि मग? मग मान तिरपी करून म्हणते, "पन शिंगावर साजते थो. चार भिंतीत लय गडद होते व. जरासा फिका पाह्यजे होता. आकाशी नको, त्याच्याहून थोडा हिरवट. आन वरती पांढरा... पह्यल्या वेचनीचा."

बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद, काय सांगू! "आयकलं काय, खुशे? तिले नाई चालत! तिले काहीही नाई चालत!" साऱ्या गल्लीला सांगत सुटले, जसं काही घरात पोरगी झाली!

त्यांना आनंद आहे हो. भिंत कोण घासून राह्यलंय? मी! आणि ही बाई दारात खुर्ची टाकून, पाय लांब करून बसलीये, "खुशे, थो कोपरा सुटला... प्रायमर नीट लाव."