सोळा चुकीची उत्तरं

(कॉलेजच्या कचेरीतली मागची खोली. पहिल्या सत्राच्या विषयनोंदणीचा शेवटचा दिवस, दुपारचे साडेचार. गणिताच्या मॅडम, नव्याने दाखल झालेली एक मुलगी आणि पलीकडच्या टेबलावर कारकून.)

मॅडम: आणि छायाचित्रण? कॅमेरा आहे तुझ्याकडे?

मुलगी: नाही.

मॅडम: मग फोटो कशाने काढणार?

मुलगी: मैत्रिणीकडे आहे. तीपण घेतेय छायाचित्रण.

मॅडम: बरं. मानसशास्त्र?

मुलगी: तीपण घेतेय.

मॅडम: अगं, मग हा फॉर्म तुझा की तिचा?

मुलगी: दोघींनी मिळून ठरवलं, मॅडम. शाळेपासून आमचं सगळं बरोबरच असतं.

मॅडम: आणि खाली, 'पुढे काय करायचं आहे' तिथे लिहिलंयस, विमा कंपनीत जोखमीचं गणित मांडायचं. तेही दोघींनी ठरवलं?

मुलगी: नाही. ते माझं आहे.

मॅडम: मग ते आणि वरचे चार विषय यांचा मेळ कुठे बसतो? पूर्वतयारीचं गणित, मानसशास्त्र, छायाचित्रण, लेखन. यातलं लेखन ठेव. आकडेमोड करणाऱ्या माणसाला ती दुसऱ्याला समजावता आली नाही, तर त्याची अक्कल त्याच्या डोक्यातच कुजते. बाकीचं मला पटत नाही.

कारकून: मॅडम, माझं आपलं सांगायचं काम. पाचला मी गठ्ठा वर पोचवतो. एकदा तो वर गेला की ब्रह्मदेव आला तरी विषय बदलत नाही.

मॅडम: ठाऊक आहे हो. तुम्ही सकाळपासून सहाव्यांदा सांगताय.

कारकून: सात. पण असू दे.

मॅडम: इकडे बघ. कॅल्क्युलस हा आमच्याकडचा जिना आहे. पहिल्या सत्रात पहिला भाग, दुसऱ्यात दुसरा. ते झालं की पुढच्या वर्षी संभाव्यता, आणि संभाव्यतेशिवाय तुझं ते जोखमीचं गणित कुणी दारातही उभं करणार नाही. प्रत्येक पायरी वर्षातून एकदाच येते. आज पूर्वतयारीत बसलीस की अख्खं वर्ष मागे पडलीस. कॅल्क्युलस, संख्याशास्त्राची ओळख, प्रोग्रॅमिंग आणि लेखन, एवढे चारच घे. पाचवा नको, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या.

मुलगी: पण मला चाळणी परीक्षेत चौदाच मिळाले. कॅल्क्युलसला पंधरा लागतात.

मॅडम: तेच तर. भाऊ, हिची उत्तरपत्रिका काढून ठेवायला सांगितली होती.

कारकून: ही घ्या. सकाळीच काढून ठेवलीय. आमचं काम चोख असतं, फक्त कौतुक कुणी करत नाही.

मॅडम: तीस प्रश्न. चौदा बरोबर, सोळा चूक. नवव्याचं उत्तर बारा, तू लिहिलंस तेरा. दहाव्याचं वजा तीन, तू वजा दोन. सतराव्याचं दोन पंचमांश, तू लिहिलंस सात पंचमांश. अपूर्णांकातसुद्धा एक मिळवायला विसरली नाहीस.

मुलगी: घाईत चुकलं असेल, मॅडम.

मॅडम: अगं, सव्वीस वर्षं पेपर तपासतेय मी. ज्याला येत नाही त्याची उत्तरं दाही दिशांना पळतात. तुझी सोळातली पंधरा एकेका घराने पुढे सरकून शिस्तीत बसलीत. असं चुकायला आधी सगळी उत्तरं यावी लागतात.

मुलगी: चुकीचं काय लिहायचं ते सुचत नव्हतं मॅडम. म्हणून एक मिळवला.

मॅडम: आणि का चुकायचं होतं?

मुलगी: तिला पंधरा पडणार नाहीत हे मला माहीत होतं. शाळेत तिचं गणित मीच घ्यायचे. ती पूर्वतयारीच्या वर्गात एकटी पडली असती.

मॅडम: ती पडली असती?

मुलगी: मीपण. मॅडम, या कॉलेजात मी दुसऱ्या कुणालाच ओळखत नाही. आई मला पाठवायलाच तयार नव्हती. दोघी आहात म्हणून पाठवते, असं म्हणाली. मला पटकन बोलता येत नाही कुणाशी. ती बोलते, मग मी तिच्याबरोबरची म्हणून लोक माझ्याशीही बोलतात. मी सरळ सांगते, एक वर्ष गेलं तर जाऊ दे. मला पूर्वतयारीतच बसू द्या.

मॅडम: तिला सांगितलंस, की तू मुद्दाम चुकलीस?

मुलगी: नाही. ती रागावली असती.

कारकून: बाळ, मध्ये बोलतो, माफ कर. तुझी मैत्रीण म्हणजे उंच, गळ्यात कॅमेरा अडकवलेला असतो, तीच ना?

मुलगी: हो काका.

कारकून: अगं, ती पूर्वतयारीत नाहीये. परवाच येऊन नाव काढून घेतलं तिने. गणितच सोडलं. सगळं बदलून कला शाखेचे विषय घेतलेत.

मुलगी: नाही काका. दुसरी कुणी असेल. काल संध्याकाळी मला म्हणाली, मी माझा फॉर्म दिलाय, तूही देऊन टाक.

कारकून: हा बघ फॉर्म. सही ओळखीची आहे का?

मुलगी: हो. तिचीच आहे.

मॅडम: भाऊ, जरा थांबायचं होतं.

कारकून: थांबलो असतो मॅडम, पण पोर आमच्या डोळ्यादेखत स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत होती. मलाही मुलगी आहे.

मुलगी: काही म्हणाली का ती? माझ्याबद्दल?

कारकून: म्हणाली, तिला सांगू नका, नाहीतर तीसुद्धा गणित सोडून माझ्यामागे येईल.

मुलगी: आले असते.

मॅडम: दिसतंय ते.

मुलगी: कशी म्हणाली काका? वैतागून?

कारकून: आता एवढं कुठे आठवतंय बाळा. घाईत होती. बरोबर तीन-चार मुली होत्या. हसत होत्या सगळ्या.

मुलगी: माझ्यावर?

कारकून: छे गं. आपलं आपल्यातच काहीतरी. त्या वयात पोरी उगाच हसतात.

मुलगी: आठ दिवसांत चार मैत्रिणी. आणि मी इथे रोज तिच्यासाठी जेवणाच्या टेबलावर जागा धरून बसते. ती उशिरा येते आणि म्हणते, काम होतं.

मॅडम: पाणी घे.

मुलगी: नको.

मॅडम: घे म्हटलं ना. भाऊ, तुम्ही जरा बाहेर जाऊन नोटीस फलक बघून या.

कारकून: नोटीस मीच लावलीय मॅडम.

मॅडम: मग सरळ लागलीय का बघून या.

कारकून: येतो. पाचला दहाच मिनिटं कमी आहेत, तेवढं बघा.

मुलगी: मॅडम, तिने माझ्या भल्यासाठी लपवलं, की तिला माझा कंटाळा आला?

मॅडम: मला नाही सांगता येणार.

मुलगी: तुम्हाला काय वाटतं?

मॅडम: दोन्ही थोडं थोडं असावं. तिचा राग करू नकोस. तू तिच्यासाठी पंधरा उत्तरं चुकवलीस आणि तिला सांगितलं नाहीस. तिने तुझ्यासाठी असो की स्वतःसाठी, विषय बदलले आणि तुला सांगितलं नाही. दोघीही ताकाला जाऊन भांडं लपवत होतात.

मुलगी: तुम्ही कधी कुणासाठी मुद्दाम चुकलात?

मॅडम: नाही. मला तसं कुणी नव्हतं. सतराव्याचं उत्तर सांग.

मुलगी: दोन पंचमांश.

मॅडम: तेविसावा. पाण्याची टाकी भरतेय, तळाला गळती आहे. किती वेळात भरेल?

मुलगी: अठ्ठेचाळीस मिनिटं.

मॅडम: तू लिहिलंस एकोणपन्नास. आणि तिसावा?

मुलगी: तो सोडवता येत नाही, मॅडम. त्यातली एक अट छापायची राहिलीय.

मॅडम: बरोबर. तो मीच काढला होता, आणि चूक माझी. दीडशे मुलांनी काहीतरी ठोकून दिलं. तू तिथे काय लिहिलंस, आठवतं?

मुलगी: 'माहिती अपुरी आहे.' तेवढं खोटं लिहवेना.

मॅडम: म्हणून तुला चौदाच मिळाले. तपासणाऱ्याने ते चूक धरलं. माझ्या हिशेबी ते बरोबर, म्हणजे तुझे गुण पंधरा. तुला माझी मेहेरबानीही नको आणि दयाही नको, हक्काने बसशील तू कॅल्क्युलसला. बसायचंय का, एवढंच सांग.

मुलगी: आईला काय सांगू? तिला वाटतंय आम्ही दोघी एका वर्गात आहोत.

मॅडम: वर्ग वेगळे झाले, असं सांग. खरं आहे ते. बाकीचं रडायला आलं की सांगशील. आईला फोनवरून कळतं.

मुलगी: वर्गात किती जण आहेत?

मॅडम: अकरा. तू बारावी. सकाळी आठला.

मुलगी: ते एकमेकांना ओळखतात?

मॅडम: कुणीच कुणाला ओळखत नाही. येतात, वहीत डोकं घालतात, जातात. मी कधीकधी फळ्याकडे तोंड करून विनोद करते, कुणी हसत नाही.

मुलगी: मग वर्षभर असंच?

मॅडम: दोन महिने. मग अवघड गणितं लागतात. एकाला सुटेनासं झालं की तो शेजारच्याला विचारतो. शेजारच्यालाही येत नसतं. मग तिघं-चौघं खुर्च्या ओढून बसतात. दिवाळं निघालं की माणसं जवळ येतात गं.

मुलगी: कुठे सही करू?

मॅडम: इथे. आणि या चार विषयांपुढे खूण कर.

कारकून: नोटीस सरळ आहे मॅडम. झालं का? पाच वाजले.

मॅडम: झालं. हा गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवा.

मुलगी: मॅडम, एक विचारू? ज्याला गणित सुटतं, त्याच्याकडे कोण येतं?

मॅडम: फारसं कुणी येत नाही. त्याने आपली खुर्ची उचलून त्यांच्यात जाऊन बसायचं असतं. मी कधी गेले नाही. तू जा.