जिल्ह्यासाठी उपोषण

उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मुंबईला उपोषणाला गेलेला पंढरी तिसऱ्या दिवशी परतला, तो थेट टँकरच्या रांगेत बायकोच्या, सरजाच्या तावडीत सापडला. रांगेत पुढं हंडा घेऊन उभ्या शेजारच्या वैशालीनं मान वळवली नाही. कान मात्र मागंच होते.

"उपाशी होता, मग पोट कसं सुटलं?"

"वाऱ्यानं फुगलंय, सरजे. जिल्ह्यासाठी सोसावं लागतंय."

"अन् हा शाम्पूचा वास? इथं आंघोळीला आठ दिस झाले!"

"मैदानात नळ व्हता."

तेवढ्यात दोस्त ताहेर धावत आला.

"पंढरी, ही घे तुझी 'जिल्हा झालाच पाहिजे'ची टोपी! गोव्यात कॅसिनोच्या टेबलावरच विसरलास की. पुढच्या जोडसुट्टीला चौघं पुन्हा जाऊ... सलाम, भाभी."

"द्या हिकडं, भाईजान. घाला वो टोपी. आता उपोषण घरीच. जिल्हा झाल्यावरच ताट वाढीन."